गडग्यापलीकडच्या शिंपा

कबरी शेपटी खाली टाकून खुराड्याच्या कोपऱ्यात उभी होती. सकाळपासून ती तिथून हललेली नव्हती. मी तांदळाच्या कण्या तिच्या चोचीसमोर धरल्या, तर तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधूनच ती बसकण मारायची, कुंथायची, डोळे मिटायची आणि पुन्हा उठून तशीच उभी राहायची. मी तिच्या पोटाखाली हात घालून चाचपलं. आत अंडं होतं, मऊ लागत होतं, आणि खाली सरकत नव्हतं.

मुलं शाळेत, घरात मी एकटीच. आमचे हे कुडाळच्या बाजाराला गेलेले, ते दुपारच्या गाडीशिवाय परतणार नव्हते. आणि घरी असते तरी काय उपयोग? आजारी कोंबडीवर त्यांना एकच इलाज ठाऊक होता. तो सुरीपासून सुरू व्हायचा आणि वाटपाच्या पाट्यावर संपायचा.

मला मात्र कबरी मरून चालणार नव्हतं. लग्न होऊन मी या खाडीकाठच्या वाडीत आले, तेव्हा आईने माझ्याबरोबर टोपलीत एक ठिपक्याठिपक्यांची तलंग दिली होती. "सासरी तुझा म्हणान कायतरी आसाक व्हया," असं म्हणाली होती. पुढच्याच पावसाळ्यात आई गेली. इथलं घर, भांडी, माड, सगळं सासरचं. माझं नावसुद्धा लग्नात बदलून कुंदा केलेलं. एवढी कोंबडी आणि तिचा वंश काय तो माझा. तिची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं असं चालत आलं होतं. मधे मानमोडीची साथ आली, मुंगसाने हात धुऊन घेतले, आणि शेवटी एक कोंबडा, कबरी आणि तिच्या दोन बहिणी एवढंच उरलं. बहिणी निव्वळ हिंडफिऱ्या. अंडं घालून मोकळ्या व्हायच्या आणि त्याच्याकडे वळूनही बघायच्या नाहीत. खुडूक होऊन अंड्यांवर नेटाने बसायची ती फक्त कबरी.

त्यात दिवाळीनंतर वेगळंच सुरू झालं. अंड्यांची कवचं आधी पातळ झाली, मग खडबडीत झाली, मग कवचच येईना. खुराड्यात हात घातला की नुसत्या कातडीत भरलेलं अंडं हाताला लागायचं आणि उचलेपर्यंत फुटायचं. असली अंडी कशावर बसवणार आणि त्यातून पिल्लू कुठलं निघणार! हे म्हणाले, उष्णता झाली. विहिरीवरच्या जनीकाकी म्हणाल्या, नजर लागली, आणि हे म्हणताना त्यांनी आमच्या अंगणातल्या गडग्याकडे बघितलं. मी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. वाडीच्या राखणदार देवाला नारळ ठेवला. राखणदाराने नारळ ठेवून घेतला, अंडी होती तशीच राहिली.

त्या गडग्याचंही सांगायला हवं. पलीकडे माझे थोरले दीर, भिकाजी भावोजी, आणि त्यांची बायको, माझी जाऊ सरूवैनी. पूर्वी अंगण एकच होतं. दोघा भावांत एका फणसावरून वाजलं. फणस कोणाच्या हद्दीत, यावर गावकरी बसले, दोऱ्या धरल्या, चार बोटं इकडे की तिकडे यावर दोन दिवस घालवले. मग जांभ्याचे चिरे आणून छातीइतका गडगा घातला, कोंबड्या उडून जाऊ नयेत म्हणून वर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं. तो फणस पुढच्या वादळात मुळासकट आडवा झाला, पण तोवर गडगा पक्का झाला होता. भाऊ एकमेकांशी बोलेनात, म्हणून आम्ही जावांनीही बोलायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आजही माहीत नाही. भांडण त्यांचं आणि अबोला आमच्या माथी. त्याआधी वर्षाचा मसाला आम्ही दोघी एकाच वाईनात, त्या दगडी उखळात, कांडायचो, आणि माझ्या कोंबड्या दिवसभर तिच्याच दारात पडलेल्या असायच्या. गडगा झाल्यापासून तिची मला फक्त चाहूल लागायची. सुकती लागली, पाणी ओसरलं, की ती खाडीवर तिसरे, म्हणजे शिंपले, काढायला जायची, आणि परत आल्यावर विळीचा नि भांड्यांचा आवाज यायचा.

वैनीचे हात लहान आणि मऊ होते. वाडीत कोणाची गाय अडली, शेळी अडली, की तिला बोलावणं जायचं. कबरी पुन्हा एकदा कुंथली आणि बसली ती उठेना, तेव्हा मी गडग्याजवळ गेले.

"वैनी."

पलीकडे कोयत्याचा आवाज थांबला.

"कोण ता?"

"मी, कुंदा. कबरीच्या पोटात अंडा अडाकला हा. ती मरतली."

कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. दीड वर्षाने मारलेली हाक अशी कोंबडीसाठी, हे तिला लागलं असेल असं मला वाटून गेलं.

"कधीपासना?" तिने विचारलं.

"सकाळपासना."

"मगे थय काय करतंस? हाड हय."

आण म्हणणं सोपं होतं. वर डोक्याहून उंच जाळं खिळ्यांनी ठोकलेलं, त्यातून हात जात नव्हता, कोंबडी कुठली जाणार! गडगा झाल्यावर त्यांनी फाटक खालच्या पाणंदीला काढलेलं, आमचं वरच्या रस्त्याला. म्हणजे हाकेच्या अंतरावरच्या घरी जायला मला सगळ्या वाडीला वळसा घालावा लागणार होता. मी कबरीला पदरात गुंडाळलं आणि निघाले. विहिरीवर जनीकाकी होत्याच.

"खय गो चललंस?"

"वैनीकडे."

त्यांची कळशी भरून वाहायला लागली तरी त्यांनी रहाट सोडला नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी वाडीत फिरणार आणि रात्री जेवताना माझ्या नवऱ्याच्या कानावर पडणार हे मला कळत होतं. पडू दे म्हटलं. पदरातली कबरी उघड्या चोचीने श्वास घेत होती.

भावोजी पडवीत केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत बसले होते. मला बघताच त्यांनी तोंड माडाकडे फिरवलं. वैनीने मात्र घमेल्यात ऊन पाणी काढून ठेवलेलं, शेजारी खोबरेल तेलाची वाटी. तिने माझ्याकडे नीट बघितलंही नाही, सरळ कबरीला हातात घेतलं आणि पोटापर्यंत पाण्यात बसवलं.

"धर. पंख फडफडवक देव नको."

मी धरलं. कबरीने धडपड केली नाही, तेवढी ताकदच तिच्यात नव्हती.

"वरसून दाबू काय वायच?"

"हात नको लावू. पोटात फुटला तर गेली."

पाणी निवत आलं की वैनी आतून पुन्हा ऊन पाणी आणून ओतायची. पोटाखालून हात इतका हलका फिरवायची की पाणी हलताना दिसायचं नाही. मग तिने करंगळी तेलात बुडवली. मी तोंड फिरवलं. आईची आठवण आली आणि रडू आवरेना. तेवढ्यात वैनी म्हणाली, "सुटला बघ."

तिच्या तळहातावर अंडं होतं. कवचाचा पत्ता नाही, पांढुरकी सुरकुतलेली कातडी तेवढी. तिने ते उजेडाकडे धरून बघितलं.

"ह्या काय गो?"

"सगळी अशीच येतत. दिवाळेपासना."

"आणि काय केलंस?"

"मीठमिरच्यो ओवाळलंय. नारळ ठेयलंय. जनीकाकी म्हणता, नजर लागली."

"कोणाची?"

मी कबरीच्या पाठीवरचं पाणी हाताने निपटलं. वैनी घमेल्यातलं पाणी आळ्यात ओतत राहिली.

"माझी म्हणता मा? सांग सरळ. माझी नजर येवढी जोराची आसती, तर ह्यो गडगो कधीच कोसाळलो आसतो."

आधी मला हसू आलं, मग तिलाही आलं. पडवीतून भावोजी खाकरले, तसे आम्ही दोघींनी पदर तोंडाला लावले. दीड वर्षात मी तशी हसले नव्हते.

कबरीला जुन्या लुगड्याने पुसून वैनीने उन्हात गोणपाटाच्या किंतानावर ठेवलं आणि समोर मूठभर तांदूळ टाकले. आम्ही कोरा चहा घेऊन पायरीवर टेकलो.  तिने माझ्या धाकट्या मुलाचं विचारलं, मी तिच्या मुंबईच्या मुलाचं विचारलं. 

बऱ्याच वेळाने कबरीने मान वर केली. उठली, डगमगली, पुन्हा उठली. तांदळांवरून तशीच पाय टाकत पुढे गेली.

"तांदूळ खाणा नाय," मी घाबरून म्हटलं.

"थांब. खय जाता ता बघूया."

ती माडाच्या बुंध्याशी गेली. तिथे तिसऱ्यांच्या शिंपांचा पांढरा ढीग होता, माझ्या गुडघ्याला लागेल एवढा. पायाखाली येऊन ज्या शिंपांचा चुरा झाला होता, त्यात कबरीने चोच घातली. एक तुकडा गिळला, मग दुसरा, आणि मग ती थांबेचना. उपाशी माणसाने पानावर बसावं तशी खात होती. आवाज आम्हाला पायरीवर ऐकू येत होता.

"तांदूळ सोडून शिंपा खाता?" मी म्हटलं.

वैनी ढिगाकडे बघत होती. "कुंदा, तुझ्यो कोंब्यो हय येय होत्यो तेवा ह्यो ढीग कधी दिसाक नाय. मी शिंपा टाकी, त्यो हय खरवडत ऱ्हवत. आता बघ केवढो झालो."

मी ढिगाकडे बघितलं, मग तिने केळीच्या पानावर ठेवलेल्या त्या कातडीच्या अंड्याकडे. गडगा आदल्या वर्षी पावसाआधी घातला. तेव्हापासून हळूहळू कवचं पातळ होत गेली असणार, माझ्या लक्षात आलं दिवाळीनंतर. आमच्याकडे कोंबड्यांना कण्या आणि कोंडा. कवच घडवायला लागणारं जे काय ते त्या वर्षानुवर्षं इथून नेत होत्या, आणि आम्ही मधे चिऱ्यांची भिंत घातली होती. वैनीलाही त्याच क्षणी ते उमगलं असावं. तिने उठून एक शिंप उचलली, दोन बोटांत मोडून बघितली आणि माझ्या हातावर ठेवली.

त्याला कॅल्शियम म्हणतात हे पुढे गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळलं. खाण्यातून मिळालं नाही, की कोंबडी स्वतःच्या हाडांतलं काढून अंड्याला देते, असंही ते म्हणाले. ते ऐकलं तेव्हा कबरीची आठवण येऊन मला फार वाईट वाटलं होतं. बिचारीने किती दिवस दिलं असेल.

"हिका हयच ऱ्हवांदे," वैनी म्हणाली. "बाकीच्यांचा मी बघतंय."

ती कसं बघणार ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमचे हे चुलीतली राख घेऊन दात घासत अंगणात उभे होते. जनीकाकींची बातमी पोचल्यामुळे रात्रीपासून घुश्श्यातच होते. तेवढ्यात जाळ्यावरून शिंपांचा चुरा सर्रकन आला आणि अर्धा त्यांच्या डोक्यावर पडला.

"बघितलंस? बघितलंस?" राखेचं तोंड घेऊन ते ओरडले. "आता आमच्या दारात कचरो टाकूक लागले. आणि तू थय जावन चाय पितंस."

त्यांनी खाली वाकून मूठभर चुरा उचलला आणि परत फेकायला हात मागे घेतला.

"टाकू नकात," मी हात धरला. "ता माझ्या कोंब्यांचा खाणा आसा."

"शिंपा?"

"मागे वळान बघा."

दोघी हिंडफिऱ्या खुराड्यातून पळत येऊन त्यांच्या पायांशी तुटून पडल्या होत्या, आणि कोंबडा त्यांच्या भोवती मिरवत होता. ह्यांनी मूठ उघडली. त्या दिवसापासून रोज ती वेळ झाली की पंचा डोक्यावर घेऊन पडवीत जाऊन बसायला लागले. वैनी शिंपा रगड्यावर ठेचून रोज जाळ्यावरून टाकायची, मी "पोचला" म्हणायची, तेवढ्यावर आमचं बोलणं भागायचं. हळूहळू अंडी सुधारत गेली. आधी कवच आलं, मग ते घट्ट झालं. एका सकाळी ह्यांनी तव्याच्या कडेवर अंडं आपटलं आणि ते फुटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपटलं. "घट्ट आसा," एवढंच म्हणाले.

कबरी वैनीकडे रुळली. अंगावर तुकतुकी आली, तुरा लाल झाला, आणि एक दिवस निरोप आला की ती पडवीतल्या टोपलीत खुडूक होऊन बसली आहे, उठवली तर चोच मारते. मी हिंडफिऱ्यांची अंडी साठवत होतेच. त्यांतली चांगली निवडून, भाताच्या तुसात ठेवून, पुन्हा वाडीला वळसा घालून गेले. या वेळी जनीकाकींनी टोपलीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "बरी गो आसत." नजरेचं नाव त्यांनी काढलं नाही.

तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. अंडी वरून घट्ट दिसत होती, पण आत काही धरलं असेल की नाही याची खात्री कोण देणार! शेवटच्या दिवसांत तर मी कामं आटपून वैनीकडेच जाऊन बसायची. भावोजी आपले हीर सोलत असायचे. मला बघून तोंड फिरवायचं ते हल्ली विसरत होते.

त्या दुपारी वैनीने टोपलीला कान लावला आणि मला खूण केली. कबरीच्या पंखाखालून बारीक किचकिच येत होती. एका अंड्याला चीर गेलेली, आतून टोचा बसत होता. टोचा बसायचा आणि थांबायचा. आम्ही बघत राहिलो. चीर वाढेना.

"वैनी, कवच जास्तच घट्ट झाला काय गो?"

"गप बस."

"दमला आसात ता. वायच नखान काढू?"

"हात लावलंस तर बघ. तेचा तेका फोडूक दी."

ज्या कवचासाठी मी देवाला नारळ ठेवला होता, तेच आता मोडावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. पडवीत सुरीचा आवाज कधीचा थांबला होता. भावोजींच्या हातात हीर तसाच होता, आणि मान टोपलीकडे. गडग्यापलीकडेही कोणीतरी येऊन उभं राहिलं. खोकल्यावरून मी ओळखलं.

"काय झाला गो?" ह्यांनी तिकडून मला विचारलं.

त्याच वेळी अंड्याचा वरचा भाग टोपणासारखा उचलला गेला आणि ओलं, चिकट डोकं बाहेर आलं.  आईने दिलेलं चालू राहिलं होतं. माझे डोळे भरून वाहत होते आणि वैनीने माझा हात घट्ट धरला होता.

"कुंदा? अगो काय झाला?"

वैनीने भावोजींकडे बघितलं. भावोजींनी माडाकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"एक इला," ते म्हणाले.

गडग्यापलीकडे पावलं वाजली. मला वाटलं, हे घरात निघून गेले.

"रंग कसो हा, दादा?"

दादा हा शब्द मी आमच्या अंगणात दीड वर्ष ऐकला नव्हता. भावोजींनी हातातला हीर खाली ठेवला, उठून टोपलीपाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. पिल्लाची पिसं वाळायला लागली होती, त्यांवर ठिपके दिसत होते.

"काबरा आसा," त्यांनी सांगितलं. "आवशीसारखा." आणि थोडं थांबून, जरा रागावल्यासारखं, "थयसून कित्याक इचारतंस? हय येवन बघ."

रस्त्याने यायला वेळ लागला असता. आधी जाळं टरकल्याचा आवाज आला, मग वरचा एक चिरा धप्पकन खाली पडला, आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला माझा नवरा गडग्यावरून आमच्या बाजूला उतरला. भावोजी टोपलीपाशी बाजूला सरकले आणि त्यांनी धाकट्या भावासाठी जागा केली.

"हळू," ते म्हणाले. "दुसरा आतसून चोच मारता हा."